आत जाणारी पावलं

माळावरच्या निसर्ग केंद्रात मला कामाला घेतलं तेव्हा सरांनी एवढंच सांगितलं होतं, "मावशी, स्वयंपाक, चहा आणि झाडलोट. जंगलात काही करायचं नाही. जंगल आपलं आपण बघतं."

मी मान हलवली. मला बोलायला जमत नाही. नवा माणूस समोर आला की जीभ टाळूला चिकटते. ओळखीच्या माणसाशीही पहिलं वाक्य मनात चार वेळा घोकून मगच बाहेर काढते, आणि तोवर तो माणूस निघून गेलेला असतो. लिहिताना तसं होत नाही. वही कुठं जात नाही. म्हणून नातीच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं मी घेतली आहेत.

आमचं केंद्र लातूरहून उदगीरकडं येताना आडवाटेला आहे. पूर्वी तिथं नुसता बरड माळ होता, दगड आणि कुसळं. गावानं आणि लातूरच्या काही मास्तर लोकांनी मिळून झाडं लावली. आता कडुनिंब, पळस, हिवर, सीताफळ असं दाट झालंय आणि त्यातून एक वळणावळणाची पायवाट जाते. शाळांची पोरं येतात. सर त्यांना पानं चुरगाळून हुंगायला लावतात. डोळ्यांवर रुमाल बांधून एकेका झाडाला मिठी मारायला लावतात आणि मग रुमाल सोडून "आता तुझं झाड ओळख" म्हणतात. एकदा एका शाळेच्या मुख्याध्यापकांनीही हौसेनं रुमाल बांधून घेतला आणि विजेच्या खांबाला मिठी मारली. पुन्हा त्यांनी तो बरोबर ओळखलाही. सर म्हणाले, शाब्बास.

सर झाडांचे माणूस. पानाचा तुकडा दाखवला तर झाडाचं नाव, गाव, कूळ सगळं सांगतील. पावलांच्या ठशांतलं मात्र त्यांना फारसं कळत नाही, हे पुढं सगळ्यांनाच दिसलं.

पायवाट जिथं संपते तिथून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत सरांनी चाळलेल्या बारीक मातीचा एक पट्टा करून घेतला होता. दोन हात रुंद, वीसेक पावलं लांब. कडेला पाटी लावली होती: "इथे थांबा. खाली पहा." माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण पाट्या मी सगळ्या वाचते. ही वाचली. म्हटलं, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून खाली बघायला सांगतायत म्हणजे ही जागा आरशासारखी पाहिजे. तेव्हापासून मी रोज सकाळी उजाडायच्या आधी येऊन आधी तो पट्टा झाडायचे. पहाटे त्यावर कसलेकसले ओरखडे, टिंबं, फराटे असायचे. हिराच्या झाडूनं एकाच दिशेनं, हलक्या हातानं ते सगळं पुसायचं, वर पाण्याचा शिंतोडा मारायचा आणि पाटीच्या पायाशी चार ठिपक्यांची छोटी रांगोळी. पाहुणे खाली बघणार म्हटल्यावर एवढं तरी पाहिजेच.

सर लातूरहून फटफटीवर नऊला यायचे. हेल्मेट काढायच्या आधी पट्ट्याजवळ जायचे, वाकायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायचे आणि उसासा टाकायचे. "आजही काही नाही."

मला वाटायचं, यांचं काहीतरी हरवलंय. किल्ली असेल. अंगठी असेल. म्हणून मी झाडलेला कचरा सुपात घेऊन रोज पाखडायची. तीन महिने पाखडला. एक बटन सापडलं, ते नेऊन सरांच्या टेबलावर ठेवलं. सरांनी ते बघितलं, स्वतःच्या शर्टाची बटनं मोजली आणि पुन्हा उसासा टाकला.

एका सोमवारी लातूरचे काही मास्तर केंद्र बघायला आले. मी चहा घेऊन गेले तेव्हा सर पट्ट्याजवळ उभे राहून त्यांना सांगत होते.

"जनावरं दिवसा दिसत नाहीत. रात्री हिंडतात. या मऊ मातीवरून गेली की पाय उमटतात आणि सकाळी मुलं ते वाचतात. ससा आला का, खोकड आलं का, मोर आला का. पण काय सांगू, तीन महिने झाले, एक पाऊल न्हाई. एकसुद्धा. मला वाटतं आपलं जंगल रिकामंच हाय."

मी ट्रे तिथंच खाली, माझ्या रांगोळीवर टेकवला.

"अन् नांदेडच्या त्या मुलींच्या शाळेचं?" एका मास्तरानं विचारलं.

"त्यांच्या मॅडमचा सकाळीच फोन होता. म्हणाल्या, जनावरांचा काही पुरावा असेल तर उद्या दहापर्यंत फोटो पाठवा. नसेल तर रविवारी मुलींना पाण्याच्या घसरगुंड्यांवर नेतो. झाडं काय नांदेडातबी हायेत म्हणाल्या."

आता ती शाळा म्हणजे माझ्या नातीची शाळा. माझी लेक नांदेडला दिलेली आहे. नात सहावीत. दोन दिवाळ्या झाल्या, ती आजोळी आली नव्हती. कधी परीक्षा, कधी शिकवणी, कधी तापच. मागच्या आठवड्यात फोनवर नुसती उड्या मारत होती. "आजी, आमची सहल तुझ्याकडं येऊन राहिली! मी सगळ्या वर्गात सांगितलंय, माझी आजी जंगलात नोकरीला हाय म्हून. पोरी म्हनल्या, वाघ हाय का? मी म्हनलं, आजीला इचारावं लागंल."

आणि मी तीन महिने रोज पहाटे उठून, वाकून, कंबर दुखेपर्यंत सगळं जंगल पुसून टाकलं होतं. ससे पुसले, मोर पुसले. वाघ आला असता तर तोही पुसला असता आणि वर रांगोळी काढली असती.

सरांना सांगायला पाहिजे होतं. मी चहाचे रिकामे कप गोळा करताना त्यांच्याजवळ गेले. वाक्य घोकून तयार होतं.

"सर..."

"काय मावशी?"

"साखर संपली."

सर दुसऱ्या दिवशी येताना एक किलो साखर घेऊन आले. साखर संपलेली नव्हती.

पण ते नंतर. त्याच्या आधी मंगळवारची पहाट झाली. मी झाडूला हात लावला नाही. कंदील घेऊन पट्ट्याजवळ गेले. म्हटलं, रोज इतके ओरखडे असतात, आज मी पुसले नाहीत तर बघायला मिळतील. बघते तर रात्रभर वारा सुटलेला. पट्टा पिठासारखा सपाट. एका टोकाला मुंगळा चालला होता, त्याचाही माग नाही.

मी तिथंच बसले. रोज येणारी ती सगळी मंडळी आजच कुठं गेली होती कुणास ठाऊक. दहाला फोटो पाठवायचा होता आणि सर त्या दिवशी आठलाच येणार म्हणाले होते.

बसल्या बसल्या माझा हात मातीत टेकला. आता हे कसं सांगू. आमच्याकडं भादव्यात महालक्ष्म्या बसतात. त्या घरात यायच्या दिवशी उंबऱ्यापासून त्यांच्या जागेपर्यंत पावलं काढायची असतात, आणि ते काम माझ्याकडं लग्न झाल्यापासून. मूठ वळायची, करंगळीकडची बाजू पिठाच्या पाण्यात बुडवून जमिनीवर टेकवायची की टाच आणि तळवा उठतो. मग बोटाच्या टोकानं वर पाच ठिपके. उजव्या मुठीचं एक पाऊल, डाव्या मुठीचं दुसरं. मला डोळे मिटून येतं. बाकी कशात नसेल, पण यात माझा हात आळीत कुणी धरत नाही.

मातीत माझ्या मुठीचा ठसा उठला होता. मी त्याच्याकडं बघितलं. मग बोटं टेकवली. मग विचार केला, हे फारच देवीसारखं दिसतंय. म्हणून प्रत्येक बोटापुढं नखाचं टोक रुतवलं. झालं जनावर.

पुढं हात थांबलाच नाही. उजवं, डावं, उजवं, डावं. पायवाटेच्या तोंडापासून सरकत सरकत स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत आले. शेवटचं पाऊल सवयीनं पायरीवर थोडं ठळक काढलं, तसंच काढतात. हळदी-कुंकवाला हात गेला होता, तेवढा वेळीच आवरला.

आठला सर आले, वाकले, आणि हेल्मेटसकट ओरडले. आत काय बोलले ते कळलं नाही. मग हेल्मेट काढून पुन्हा ओरडले, "मावशी! आलं! आलं!"

राखणीचे मामा धावत आले. हे मामा गावातलेच, सत्तरीचे, केंद्राची राखण करतात. म्हणजे फाटकाजवळच्या बाजेवर पडून असतात. त्यांनी आयुष्यात जे जनावर बघितलं नाही ते अजून जन्मायचं आहे, असं ते स्वतः सांगतात.

"पाच बोटं," सर म्हणाले. "टाच लांब. नखं. मामा, हे काय असावं?"

मामांनी पटका सारखा केला. "अस्वल."

"इथं?"

"किनवटच्या रानातून आलंय. पिल्लू हाय. पाय बगा की, लेकराएवढा. मला राती वास आला व्हता. म्या बाजेवरून उठणारच व्हतो."

"मग उठला का न्हाई?"

"त्याला वाटलं असतं म्या त्याला भ्यालो."

मला वाटलं होतं मामांना तरी ओळखू येईल. त्यांच्या घरीही महालक्ष्म्या बसतात. पण बाप्या माणसांनी ती पावलं आयुष्यभर फक्त ओलांडलेली असतात, वाकून बघितलेली नसतात.

सरांनी फोटो काढले. प्रत्येक पावलाशेजारी मापाला बॉलपेन ठेवलं. नांदेडला पाठवले. मॅडमचा लगेच फोन आला. स्पीकरवर होता, मी ऐकलं. "अहो काय सांगता! रविवारी येतोच. चाळीस मुली आहेत. पण धोका नाही ना?"

"मुळीच नाही," सर म्हणाले. "ते रात्रीच हिंडतं आणि निघून जातं."

मी आत जाऊन चुलीला नमस्कार केला. सहल ठरली होती. दुपारपर्यंत मी इतकी खुशीत होते की भाजीत मीठ दोनदा पडलं आणि कुणाला कळलं नाही, सगळे अस्वलावर बोलत होते.

दुपारी सर फोन मोठा करकरून फोटो बघत होते. एकदम उभे राहिले. पट्ट्याजवळ गेले. या टोकाला गेले, त्या टोकाला गेले.

"मामा," ते हळूच म्हणाले. "ही पावलं आत जातात."

"जाऊ द्या की."

"अहो, आत जातात. बाहेर येत न्हाईत."

सगळ्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. दारात मी उभी होते, हातात परात.

"मावशी," सर कुजबुजले, "हळूच बाहेर या. पळू नका."

मी बाहेर आले. मामांनी दाराला बाहेरून कडी घातली आणि तिच्यात काठी अडकवली.

आता ऐका. लक्ष्मीची पावलं कधी बाहेर जाताना काढत नाहीत. कुठल्याच घरात नाही. उंबऱ्याकडं पाठ केलेलं पाऊल काढणं म्हणजे घरातलं सुख हाताला धरून बाहेर नेऊन सोडणं. माझ्या सासूबाई पाऊल जरा तिरकं पडलं तरी पुसायला लावायच्या. पस्तीस वर्षांत माझ्या मुठीला एकच दिशा ठाऊक. पहाटे घाईत ते जनावरही त्याच दिशेनं गेलं, यात माझा काय दोष. जनावराला परतसुद्धा जावं लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या दिवशी आमचं स्वयंपाकघर उघड्यावर आलं. तीन दगड मांडून कडुनिंबाखाली मी चहा केला. आत पीठ, डाळ, तेल सगळं अस्वलाच्या ताब्यात. संध्याकाळी मामा दाराला कान लावून आले. "घोरतंय," म्हणाले. मी म्हणणार होते की तो फ्रीज आहे. पण वाक्य घोकेपर्यंत ते बाजेवर जाऊन पडले.

बुधवारी पहाटे वारा नव्हता. अस्वलाच्या पावलांवर सरांनी घमेली पालथी घातली होती, बाकी पट्टा मोकळा, मी त्याला हात लावलेला नव्हता. आणि कंदिलाच्या उजेडात बघते तर काय: सशाच्या उड्या, दोन पुढं दोन मागं. मोराची तीन बोटं, तोऱ्यात आखलेली. मध्येच एक लांब फराटा, बहुतेक घोरपडीचा. कुणी येत होतं, कुणी जात होतं, बाजाराच्या दिवशीसारखी गर्दी. हे सगळं मी रोज पुसत होते. मला रडूच आलं, आणि हसूही, कारण मोर नेमका माझ्या रांगोळीच्या जागेवर पाय देऊन गेला होता.

म्हटलं, आता सुटले. खरं जनावर आलं, खोट्याचं काम संपलं.

सर आले. मी बोटानं पट्टा दाखवला.

"हा ससा," सर म्हणाले आणि ओलांडून पुढं गेले. "मोर हाय. हां, हां. पण मामा, ते बाहेर आलं का?"

"न्हाई. रातभर डोळ्यात तेल घालून बसलो."

"बसला का पडला?"

"बसून पडलो."

तीन महिने एका पावलासाठी उसासे टाकणाऱ्या माणसाला आता ससा नको, मोर नको. सगळं जंगल त्यांच्या पायाशी येऊन बसलं होतं आणि ते एका बंद दारासमोर खुर्ची टाकून बसले होते. दुपारी त्यांनी वनखात्याला फोन लावला. शुक्रवारी माणूस पाठवतो म्हणाले. फोन ठेवून सर मामांना म्हणाले, "शुक्रवारपर्यंत ते बाहेर निघालं न्हाई तर मी नांदेडला नको म्हणून कळवतो. चाळीस लेकरांची जोखीम मी घेणार न्हाई. काही झालं तर?"

म्हणजे मी जे जमवलं होतं ते मीच मोडत होते. रात्री नातीचा फोन आला. "आजी, अस्वल काय खातं गं? म्या त्याच्यासाठी बिस्किटं घेतली."

"अस्वलाला बिस्किटं देत न्हाईत," मी म्हणाले. तिच्याशी मला बोलता येतं.

"मग तुला घेतली असं समज."

गुरुवारी पहाटे मी ठरवून गेले. अवघड काय होतं? पायरीपासून सुरुवात करायची, पायवाटेकडं तोंड करायचं, वीस पावलं. जनावर निघून गेलं. दार उघडलं. सहल आली. मी पायरीकडं पाठ करून बसले, मूठ वळली, खाली नेली आणि ती मातीच्या वर तीन बोटांवर थांबली.

मी स्वतःला समजावलं. हे घर नाही, केंद्राचं स्वयंपाकघर आहे. मूठ हलेना. म्हटलं, ही लक्ष्मी नाही, अस्वल आहे. मूठ म्हणाली, टाच तर तीच हाय. मग मी वकिलासारखा मुद्दा काढला: जनावराचं घर जंगल, तेव्हा जंगलाकडं जाणं हेच त्याचं आत येणं. मुद्दा चांगला होता. मूठ थोडी खाली गेलीही. पण तेवढ्यात सासूबाईंचं तोंड आठवलं. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, तरी मी दचकून हात मागं घेतला. कोंबडं आरवेपर्यंत मी तशीच बसून होते, मूठ हवेत.

मग एकच राहिलं. सांगायचं. सर आले, फटफटी लावली.

"सर..."

"बोला मावशी."

"ते... आत..."

"घाबरू नका. मी हाय ना. काय पाहिजे?"

"साखर," मी म्हणाले.

"अहो, दोन दिवसांत किलोभर?" मग त्यांनीच स्वतःला उत्तर दिलं. "हां, आधीची आत राहिली. ते खात असंल." आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं की जनावर गोड खातं.

शुक्रवारी दोन किलो साखर आली, आणि तिच्या मागोमाग वनखात्याचा माणूस. माणूस म्हणजे तिशीतली एक बाई. खाकी कपडे, स्कूटी, केसांचा घट्ट अंबाडा, पायांत बूट. मामा तिला बघून नाराज झाले. "बंदूक न्हाई आणली का ताई?"

"कशाला, मामा? आधी बघू तर द्या."

मंगळवारची पावलं सरांनी घमेली पालथी घालून जपली होती. त्यांनी एकेक घमेलं बाजूला केलं आणि माहिती द्यायला लागले. पाच बोटं, लांब टाच, बहुधा किनवटकडचं, चार दिवस आत कोंडलेलं, गोड खातं.

"अन् हे बघा," मामा म्हणाले, "पत्येक पावलामागं ह्या चंद्रावाणी कोरी. शेपूट आपटत चालतंय."

बाई गुडघ्यावर बसली. त्या कोरींवरून बोट फिरवलं. "एका पावलाला पाच कोरी आहेत, मामा. पाच शेपट्या?"

"असतील. किनवटचं काय सांगावं."

तिनं आपल्या उजव्या हाताची मूठ वळली आणि हळूच त्या पावलात ठेवली. चपखल बसली. मग तिनं डावी मूठ शेजारच्या पावलात ठेवली. तीही बसली. ती तशीच खाली मान घालून बसून राहिली आणि तिचे खांदे हलायला लागले. सरांना वाटलं ती घाबरली.

"काय हाय, मॅडम? मोठं हाय का?"

बाईनं मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं. "सर, जनावर मोठं न्हाई. पण त्याच्या घरी महालक्ष्म्या बसत्यात. अन् ते बांगड्या घालतं."

मग मामांनी सरांच्या हाताकडं बघितलं, सरांनी मामांच्या. आणि मग दोघांनी एकदम माझ्याकडं. मी ट्रे धरून उभी होते. दोन्ही हातांत पाच-पाच काचेच्या बांगड्या. त्या झाकायला हात मागं घ्यायला गेले तर ट्रे कलला आणि त्या वाजल्या, खुळ खुळ खुळ.

घोकायला वेळच नव्हता. मी ट्रे खाली ठेवला, पट्ट्यावर बसले आणि मूठ टेकवली. पाच बोटं. नखं. दुसरी मूठ. पाच बोटं. नखं. मग तोंडातून जे निघालं ते थांबेचना. "म्या रोज झाडत व्हते सर. पाटीवर खाली पहा लिवलंय म्हून. सगळे ससे म्याच झाडले. मला वाटलं तुमची किल्ली हरवली. मंगळवारी वारा व्हता अन् नातीची सहल व्हती. अन् बाहीर जाणारं काढता येत न्हाई, सर, म्या बसले व्हते काढायला, हात हाटला. अन् साखर संपली नव्हती."

आयुष्यात एवढं सलग मी कधी बोलले नव्हते. संपल्यावर मलाच दम लागला.

सरांचा चेहरा लाल झाला होता. रागानं की कशानं ते मला कळेना. ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, मामांची काठी काढली, कडी काढली, आत गेले. मग आले ते हातात बरणी घेऊन. साखरेनं काठोकाठ भरलेली.

"तीन महिने," ते म्हणाले. "तीन महिने मी म्हणत होतो, जंगल रिकामं हाय." आणि पायरीवर बसून ते असे हसायला लागले की चष्मा काढून पुसावा लागला. मामा मात्र हसले नाहीत. "घोरत व्हतं ते म्या या कानानं ऐकलंय," म्हणाले, आणि अजूनही म्हणतात.

पण सरांचं हसू संपल्यावर ते फोन घेऊन उभे राहिले, आणि मला कळलं की आता खरं सांगायची वेळ आली. खोटा फोटो त्यांच्या नावानं गेला होता. त्यांनी स्पीकर लावून नांदेडच्या मॅडमना सगळं सांगितलं. अस्वल नाही म्हणाले. पावलं कुणाची तेही सांगितलं. मी पदर तोंडाशी धरला.

"मग जनावर काहीच नाही?" मॅडमनी विचारलं.

"ससा हाय, मोर हाय, घोरपड हाय. आता कुणी झाडत न्हाई, म्हणून दिसतात."

"आणि ती बाई हाय का?"

"हाय. इथंच उभ्या हायेत."

"मग येतो," मॅडम म्हणाल्या. "ससा मुली विसरतील. अस्वल करणारी बाई विसरायच्या न्हाईत. त्यांना म्हणावं, मुलींना शिकवायचं."

मी मानेनं नाही नाही म्हणत होते, पण फोनवर मान दिसत नाही.

रविवारी बस आली. चाळीस पोरी, एकसारखे ट्रॅकसूट. माझी नात सगळ्यांत पुढं, हातात बिस्किटाचा पुडा. मी पट्ट्याच्या टोकाला उभी. जीभ टाळूला. पोरी मला बघतायत, मी मातीला बघतेय. सरांनी खाकरून सुरुवात करून दिली आणि मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"आजी बोलत नसती," नात वर्गाला म्हणाली. "तिच्या हाताकडं बगायचं."

तेवढ्यानं माझी सुटका झाली. मी बसले, मूठ टेकवली. उजवं, डावं. चाळीस पोरी पट्ट्याच्या दोन्ही कडांना गुडघ्यांवर बसल्या आणि चाळीस मुठी मातीत. कुणाचं पाऊल म्हशीएवढं, कुणाचं मांजराएवढं. एकीनं सहा बोटं काढली आणि "हे माझं आहे, कुणी हात लावायचा नाही" म्हणाली. एकीनं पायवाटेकडं तोंड करून सुरुवात केली तेव्हा मात्र माझ्या तोंडून आपसूक निघालं, "न्हाई बाळा. तिकडून न्हाई. आत."

"का?"

"आत चहा हाय," मी म्हणाले. तिला पटलं.

दुपारी जेवणं झाली, पायवाट झाली, दोघींनी एकाच झाडाला मिठी मारून भांडण केलं, संध्याकाळी बस गेली. जाताना नात खिडकीतून अर्धी बाहेर लोंबत होती, मॅडम तिला ट्रॅकसूटला धरून आत ओढत होत्या. पुड्यातली बिस्किटं दोनच उरली होती. ती मला दिली.

सोमवारी पहाटे मी कंदील घेऊन गेले. झाडू घरीच ठेवला होता, हातात असला की हात शिवशिवतात. पट्टाभर पावलं होती, एकमेकांवर चढलेली, लहान मोठी, सगळी स्वयंपाकघराच्या पायरीकडं तोंड करून. चाळीस जणी आत आलेल्या. बाहेर कुणी गेलेलं नाही. मी पाटीजवळ थांबले आणि पाटीवर लिहिल्याप्रमाणं खाली बघत राहिले.

त्या सगळ्या गर्दीतून एक ससा तेवढा सरळ पायरीपासून जंगलाकडं गेला होता. दोन पुढं, दोन मागं. त्याला आमच्यातली रीत कुणी सांगितलेली दिसत नाही. पायरीवर मी रात्री ठेवलेलं बिस्किट नव्हतं.